घडीतली बाई

"थांबा, घाई करू नका. पुढच्या पानावर मी आहे," वहिनी शेजारणीला म्हणाली. हात धुऊनच बसली होती, तरी तिने ते पुन्हा एकदा पुसले आणि हलकेच पान उलटलं.

चित्रकार समोरच्या खुर्चीवर बसला होता. लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढता काढता त्याचे केस पिकायला लागले होते, पण वहिनीच्या लेखी तो अजून तिच्या कमरेएवढाच. ती लग्न होऊन आली तेव्हा हा आईविना दीर तेवढाच होता. चारचौघांत ती त्याला भावजी म्हणायची, घरात सरळ अरे-तुरे. नाक पुसण्यापासून रंगपेटी आणण्यापर्यंत त्याचं सगळं तिनेच केलेलं. म्हणून तर या पुस्तकात त्याने आपलंच घर काढलं होतं, आणि पुस्तक हातात यायच्या आधीच वहिनीने ते अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं.

दोन्ही पानं मिळून एकच चित्र होतं. डावीकडे दादा खिडकीशी पेपर वाचतोय, उजवीकडे पोरगं जमिनीवर पालथं पडून काहीतरी गिरगटतंय, आणि खिडकीतलं ऊन या पानावरून त्या पानावर गेलंय. खाली एकच ओळ : घरात सगळे होते.

"तुम्ही कुठे आहात यात?" शेजारणीने विचारलं.

वहिनीने चष्मा नीट केला. "इथेच तर होते. मधोमध, दारात. त्याने काढलं तेव्हा पाहिलंय ना मी स्वतःला. छान आले होते."

दोन पानं जिथे शिवतात त्या घडीत वहिनी गेली होती. डावीकडे तिचं कोपर उरलं होतं, उजवीकडे हातातल्या पातेल्याची कड. चेहरा पार गडप.

चित्रकाराची कानशिलं तापली. घडीवर चेहरा काढू नये, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. चुकून झालं असतं तर गोष्ट वेगळी. पण पुस्तकाची मांडणी करणाऱ्या मुलीने फोन करून विचारलं होतं, "सर, मधली बाई घडीत जाईल. थोडी डावीकडे घेता का?" डावीकडे घेतली की ते ऊन अडत होतं, आणि त्या उन्हावर स्वारी भलतीच खूश होती. "राहू दे गं," तो म्हणाला होता. "ती बाई काय, नुसती उभी आहे."

आपण असं बोललो. आपल्याच तोंडाने, चहा पीत पीत. त्याला मान वर करवेना.

"असं कसं झालं रे?" शेजारीण बसलीय हे विसरून वहिनी म्हणाली.

खरं अगदी ओठांवर आलं होतं. "छापखान्यात घोळ झाला," तो म्हणाला. "बांधताना बघत नाहीत नीट."

"वाटलंच मला." वहिनीला उलट हायसंच वाटलं. "त्यांना तरी काय माहीत मी कोण ते? त्यांच्या दृष्टीने असेल कुणीतरी बाई. तू तिथे असतास तर होऊ दिलं असतंस का?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"चांगलं झाडा की त्यांना," शेजारीण उठता उठता म्हणाली.

"असू दे हो. कुणाच्या पोटावर पाय कशाला आणायचा?" वहिनी तिला दारापर्यंत पोचवून परत आली आणि तिने पेन त्याच्यापुढे धरलं. "सही कर यावर."

"पहिल्या पानावर करतो."

"छे, इथेच. माझ्या पानावर."

तो वाकला. पुस्तक नवंकोरं, पानं सारखी मिटत होती. वहिनीने दोन्ही तळवे टेकवून जोर दिला, तशी बांधणी करकरली.

"जरा कडेला कर हं," ती म्हणाली. "नाहीतर तुझंही नाव जायचं आत."

त्याने पेन पार कडेला नेलं आणि सही केली.