मुलीची चौकशी

चातुर्मासात माझा एक नेम असतो. आंघोळ झाली की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत बोलायचं नाही. बारामतीतल्या आमच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाला हाक न मारता पिशवी कडीला अडकवून जातो, आणि शेजारच्या आक्काबाई तेवढ्या वेळात माझ्या वाटचंही बोलून घेतात.

मागच्या खोलीत राहणारी निकिता माझ्या खुणांना पटकन सरावली. बोट कपाळाला लावलं की कुंकवाचा करंडा, चिमूट चोळली की मीठ. ती सणसरची. तिकडे ऊस, गाई, आईवडील. इथे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकल भल्या सकाळी असतं, तेवढ्या लवकर गावाहून पोचणं होत नाही, म्हणून ही खोली. भाडं ती नेमानं देते आणि मीही नेमानं घेते. फुकट राहायला तिलाच आवडलं नसतं.

यंदा तिनं घरापासून लांब राहून शिकणाऱ्या मुलांच्या भत्त्यासाठी अर्ज केला होता. मिळाला असता तर खोली आणि मेस दोन्ही भागणार होतं. वडिलांनी फोनवर सांगितलं होतं, "भत्ता मिळाला तर ऱ्हा तितं. न्हाय तर घरी ये, बाहेरनं परीक्षा दे." बी.एस्सी. काही बाहेरून होत नाही. म्हणजे प्रयोगशाळा सुटली, दुसरंच काहीतरी शिकायचं. त्या दिवशी पोरीनं ताटाला हात लावला नाही. कॉलेजचे कुणीतरी घरी येऊन खात्री करणार होते, की मुलगी रोज कॉलेजात जाते आणि नातेवाइकांकडे नाही, भाड्यानंच राहते. कधी येणार ते मात्र सांगितलं नव्हतं.

ते आले श्रावणातल्या सोमवारी सकाळी. निकिता कॉलेजात. मी देवापाशी. कुकरची शिट्टी व्हायची होती, वरणाला फोडणी नव्हती, म्हणजे नैवेद्याला अजून वेळ होता. बाहेर स्कूटर थांबली. माझं दार लोटलेलं पाहून त्या गृहस्थांनी शेजारच्या पायरीवर मेथी निवडत बसलेल्या आक्काबाईंनाच विचारलं.

"निकिता नावाची मुलगी इथंच राहते का हो?"

"ऱ्हाती की! तुमी कुठलं?"

"मी इथलाच. जरा चौकशी करायची होती मुलीची."

झालं. आमच्याकडे स्थळ घेऊन यायच्या आधी मुलाकडचं कुणीतरी असंच येऊन गल्लीत विचारून जातं. मुलगी कशी, वळण कसं, घरचे कसे. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, आणि मुलीची चौकशी. आक्काबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली, ते मला खिडकीतून दिसलं.

"भाड्यानं राहते ना ती?" गृहस्थांनी विचारलं.

"भाड्यानं? छ्या! मंदाताईंची सख्खी भाची हाय. ऐऱ्यागैऱ्याची पोर न्हाय ती, घरातली हाय."

मंदाताई म्हणजे मी.

"पण आम्हाला तर वेगळंच सांगितलंय. बरं, कॉलेजला रोज जाते?"

"जाती आपली, येळ घालवाय. शिक्षनाचं याड न्हाय तिला. तुमी म्हनाल त्या दिवशी कालेज सोडल. आन् सैपाक म्हनाल तर भाकरी अशी थापती, बघत ऱ्हावं!"

बिचाऱ्या आक्काबाईंच्या मनात वाईट काही नव्हतं. पोरीचं चांगलं व्हावं म्हणून जेवढं घालता येईल तेवढं तूप त्या घालत होत्या, आणि एकेका वाक्यानं पोरीची प्रयोगशाळा लांब ढकलत होत्या.

मी निरांजन खाली ठेवून दारात आले. दोन्ही हातांनी नाही-नाही केलं.

"त्या चहा नको म्हनत्यात," आक्काबाईंनी समजावून दिलं. "सोमवार हाय ना. मौन असतंय त्यांचं."

मी स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मागच्या खोलीकडे दाखवलं, मान जोरात हलवली.

"बघा, त्या बी सांगत्यात, माझ्या काळजाचा तुकडा हाय म्हनून."

गृहस्थांनी हसून मला नमस्कार केला. "असू द्या काकू, पूजा चालू दे. समजलं मला." मोबाइलवर काहीतरी टिपून त्यांनी हेल्मेट घातलं. कागद-पेन आणावं म्हणून मी आत वळले, तोवर स्कूटर सुरू झालीच.

तेव्हा मी देवाकडे पाहिलं. रागावायचं तर माझ्यावर रागाव, एवढंच मनात म्हटलं.

"थांबा!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. आक्काबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"ती माझी भाची नाही," मी म्हटलं. "नात्यानं ती माझी कुणीच लागत नाही. भाडेकरू आहे. दर महिन्याला भाडं देते. आणि सर, ती एक दिवस कॉलेज चुकवत नाही. ताप असताना गेली होती, मी नको म्हणत होते तरी."

कुणीच लागत नाही, हे तोंडातून जाताना जड गेलं. पण ते खरं होतं, आणि त्या घडीला तेच तिच्या उपयोगाचं होतं.

सरांनी स्कूटर बंद केली. "मग या बाई..."

"अगं बया," आक्काबाई म्हणाल्या, "तुमी पोरगी बघाय न्हाय आलासा व्हय?"

सर लाजले. "अहो, कॉलेजचा माणूस आहे मी. माझी मुलगीच दहावीला आहे!"

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय! मी मेलीनं सगळं उलटं सांगितलं. पुस्तकातनं मान वर करत न्हाय हो पोरगी. भाकरी कसली थापती, करपिवती!"

सर इतके हसले की त्यांना हेल्मेट काढावं लागलं. मी त्यांना मागची खोली दाखवली. खुंटीवर पांढरा एप्रन, खिडकीत बाटल्यांमध्ये रुजत घातलेले हरभरे, भिंतीवर वेळापत्रक. ते सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं.

"हजेरी आमच्याकडेच असते काकू, ती चोख आहे. राहण्याचं तेवढं बघायचं होतं. झालं काम," जाताना ते म्हणाले. "माझ्यामुळं तुमचं मौन मोडलं."

ते गेल्यावर मी पुन्हा आंघोळ केली, वरणाला फोडणी दिली, नैवेद्य दाखवला. देवाचा चेहरा रोजच्यासारखाच होता. मला हलकं वाटलं.

संध्याकाळी निकिता आली ती आक्काबाईंकडून सगळं ऐकूनच. माझ्याजवळ येऊन बसली.

"मावशी, मी तुमची कुणीच न्हाय म्हणालात म्हणं?"

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. "माझ्यासाठी मोडलंत," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आक्काबाईंनी प्रायश्चित्त म्हणून मौन धरलं. भाजीवाला येईपर्यंत टिकलं. भेंडी जून निघाली.

गौरी जेवून गेल्या, त्याच्या पुढच्याच आठवड्यात सकाळी निकिता धावत देवघराच्या दाराशी आली आणि तिथेच थांबली. मी आंघोळ करून बसले होते. तिनं नुसता मोबाइल पुढे धरला. अर्ज मंजूर झाला होता.

बोलायची सोय नव्हती. मी बोट कपाळाला लावलं. तिनं कुंकवाचा करंडा दिला, मी तिलाच कुंकू लावलं. मग ती तशीच बसून राहिली, ओठ गच्च मिटून, गालात हसू मावत नव्हतं तरी, पार नैवेद्याची घंटा वाजेपर्यंत.

घंटा वाजली. मी गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवला.

"आधी सणसरला फोन लाव," मी म्हटलं, "आणि मग आक्काबाईंना सांगून ये. नाहीतर त्या आणखी कुणाला तरी मुलगी दाखवून बसतील."