रुपलीचं मुकं भजन

आमच्या धुळ्याच्या चर्चमध्ये देवाचं काही चुकत नाही, बाकी सगळ्यांचं चुकतं. उपदेश लांबला की मगनभाऊ खोकायला लागतात. आखूड झाला की भिकुआक्का बाहेर आल्या आल्या म्हणतात, "आज पाळकसाहेबांकडे पाहुणे असतील." पेटी मी वाजवते, म्हणून माझ्याबद्दलच्या तक्रारी मला दुसऱ्यांकडून कळतात. माझ्या तक्रारी मात्र मी ज्याच्या त्याच्या तोंडावर सांगते. शाळेत पोरांना शिकवून शिकवून माझा आवाजच तसा झालाय.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात मात्र बाकीच्या सगळ्या तक्रारी मागे पडल्या आणि एकच उरली. पंखा.

भिकुआक्कांचे मालक दामू गायकवाड आदल्या वर्षी वारले. त्यांच्या नावानं आक्कांनी चर्चला छताचा पंखा दिला. पेंटर बोलावून पात्यांवर लाल अक्षरं काढून घेतली. एका पात्यावर 'ख्रिस्तवासी', दुसऱ्यावर 'दामू गायकवाड', तिसऱ्यावर 'यांच्या स्मरणार्थ'. पंखा टांगला, प्रार्थना झाली, टाळ्या झाल्या, पाळकसाहेबांनी बटण दाबलं आणि दामूभाऊ दिसेनासे झाले.

आक्का ताडकन उभ्या राहिल्या. "बंद करा तो! बठ्ठा लोके वारा खातस, नाव कोन वाचस?"

मगनभाऊ आमचे पंच. धंद्यानं शिंपी, आणि गाण्यातही सगळ्यांच्या पुढे. ते म्हणाले, "आक्का, पंखा वाऱ्यासाठी असतो. नाव वाचायचं असेल तर भिंतीवर पाटी लावा."

झालं. तेव्हापासून मंडळीत दोन पक्ष पडले, एक वाऱ्याचा आणि एक नावाचा. धुळ्याचा एप्रिल म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला वाऱ्याच्या पक्षात जास्त माणसं का होती हे सांगायला नको. पाळकसाहेबांनी तोड काढली की दानार्पणाच्या वेळी तेवढा पंखा थांबवावा. पहिल्याच रविवारी थांबवला, तर 'यांच्या स्मरणार्थ' हे पातं नेमकं मगनभाऊंच्या डोक्यावर येऊन थांबलं. मागच्या बाकांवर हसू फुटलं आणि मगनभाऊंनी ते मनाला लावून घेतलं.

अशा दिवसांत रुपली आणि धना आमच्याकडे यायला लागले. हे नवराबायको सातपुड्याच्या पायथ्याचे, शिरपूरच्या वरच्या अंगाचे. पाऊस नाही, म्हणून शेत नाही, म्हणून ठेकेदाराबरोबर रस्त्याची खडी फोडायला इकडे आलेले. गावाबाहेर त्यांची पालं होती. बाक रिकामे असले तरी दोघं खाली जमिनीवर बसायची.

गाणं सुरू झालं की दोघं डोलायची. तोंडं चांगली मोठी उघडायची, ओठ शब्दाबरोबर हलायचे, हात टाळीसाठी वर जायचे. पण आवाज शून्य. टाळीसुद्धा वाजायची नाही, तळहात एकमेकांना टेकायच्या आत थांबायचे. मी पेटीवरून बघत होते आणि मला वाटलं, माझे कान गेले.

उपासना संपल्यावर मगनभाऊ तणतणत आले. "सुनंदाबाई, ती दोघं आपली टिंगल करतात. नुसती तोंडं उघडतात. मी गाणं सांगतोय म्हणून मुद्दाम! विचारा त्यांना."

त्यांना स्वतःला विचारायचं धाडस नव्हतं, कारण धना पहार उचलणारा गडी होता. मी गेले. रुपली दाराबाहेर चपला शोधत होती. तिची बोली अर्धी डोंगरातली, अर्धी आमची खान्देशी. मला कळली तशी लिहिते.

"काय गं, गाणी येत नाहीत का तुला?"

"बठ्ठी येतस, अक्का."

"मग आवाज कुठं जातो तुझा?"

तिनं आधी इकडं तिकडं पाहिलं आणि मग हळू सांगितलं. धनाचा पाय मोडला तेव्हा तो मिशनच्या दवाखान्यात पडून होता. तिथं त्याला ही भजनं मिळाली. घरी येऊन त्यानं ती बायकोला शिकवली. मग पाऊस गेला. गावाला वाटलं, या नव्या गाण्यामुळे जुना देव रुसला. गावात पाणी असलेली विहीर एकच राहिली होती.

"सासरानी सांगं, मनमा काय म्हनानं ते म्हना, पन आवाज घरना बाहेर जावाले नको. आवाज गया ते विहीर बंद." आणि लगेच म्हणाली, "त्यासना बी काय दोष, अक्का? पानीच नही."

तेव्हापासून दोघं झोपडीत बसून मुकं भजन करत होती. ओठ हलवायचे, टाळी हवेतच थांबवायची. नंतर तीच सवय झाली. रुपली तर ही भजनं शिकलीच कुजबुजत, कारण ती शिकत होती तेव्हाच गावाची कुरकुर सुरू झाली होती.

"आठे आवाज करा ते चाली का?" तिनं विचारलं.

मला हसू आवरेना. "अगं, इथं आवाजाशिवाय दुसरं चालतं काय?"

ती हसली नाही. म्हणाली, "भजनमा मना आवाज कसा लागस, माले माहीतच नही. पुढला सोमवारले ट्रक आमले गावले ली जाई. त्याना पहिले, येता ऐतवारले, मी गासू."

मी घरी आले आणि जेवण गोड लागलं नाही. इतकी वर्षं मी पेटीवर बसून एकच रड रडत आलेय, की मगनभाऊ वरच्या पट्टीत सुरू करतात आणि माझा घसा बसतो. घसा बसण्याइतकं गायला मिळतं याचं मला एकदाही अप्रूप वाटलं नव्हतं. त्या आठवड्यात मी गुणगुणतच पोळ्या लाटल्या. रुपलीला गायला मिळालं पाहिजे, बास, एवढंच डोक्यात होतं.

आणि शनिवारी पंचांची सभा झाली. विषय पंखा. आक्का म्हणाल्या, उपासनाभर बंद. मगनभाऊ म्हणाले, उपासनाभर चालू. पाळकसाहेब म्हणाले, आपण प्रार्थना करू. प्रार्थना झाली आणि भांडण ताजं होऊन पुन्हा सुरू झालं. शेवटी आक्का घरी गेल्या, धान्याच्या कोठीचं कुलूप काढून आणलं आणि चर्चच्या दाराला ठोकलं. "पंखा मना मालकना नावना शे. नाव वाचतस ते दार उघडी." मगनभाऊ काय कमी? त्यांनी दुकानाचं कुलूप आणून खालच्या कडीला लावलं.

रविवारी सकाळी मंडळी जमली तेव्हा दाराला दोन कुलपं लटकत होती. आक्का पायरीच्या एका टोकाला, मगनभाऊ दुसऱ्या टोकाला. किल्ल्या दोघांच्या कमरेला आणि माना दोघांच्या ताठ.

"त्यांनी आधी उघडावं," मगनभाऊ म्हणाले.

"तो पहिले उघडी," आक्का म्हणाल्या.

पाळकसाहेब घाम पुसत मध्ये उभे होते. तेवढ्यात रुपली आणि धना आले. रुपलीनं डोक्याला तेल लावलं होतं, लुगडं धुतलेलं होतं, अजून कडेला ओलं. दाराकडे बघून ती थांबली. कोणी काही सांगायच्या आत तिला कळलं. विहीर बंद होणार म्हणून घाबरलेली बाई ती, कुलूप तिला काय समजावून सांगायचं?

"ऱ्हावू द्या, अक्का," ती माझ्याजवळ येऊन म्हणाली. "आमी जातस."

माझं डोकं फिरलं. पोरांच्या वर्गावर ओरडते तशी मी सगळ्या मंडळीवर ओरडले. "ही बाई उद्या गावी जाणार. तिथं तिला तोंडातून आवाज काढायची सोय नाही. आज तिला मोठ्यानं गायचंय. आणि आपण काय करतोय, तर पंख्यापायी दाराला कुलूप घालून बसलोय! पाळकसाहेब, तुमच्या घरातली सतरंजी, ती मोठी दरी, आणा."

"बाहेर? रस्त्यावर?" पाळकसाहेब म्हणाले. पण दरी आणायला गेले, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

चर्चसमोरच्या निंबाखाली आम्ही दरी अंथरली. दरी मोठी, सावली लहान, म्हणून तिचं एक टोक रस्त्यावर गेलं. पेटी आत कोंडलेली, पुस्तकं आत कोंडलेली. आक्का आणि मगनभाऊ दरीच्या दोन टोकांना बसले, म्हणजे होता होईल तेवढे लांब. मी रुपलीला म्हटलं, "तू सुरू कर, आम्ही मागून म्हणतो."

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. आवाज नाही. पुन्हा उघडलं. पुन्हा नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. डोळ्यांत पाणी आलं. धना खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, सवयीनं गळाच धरून ठेवलाय हिचा.

"बकऱ्यांना हाक कशी मारतेस डोंगरात?" मी विचारलं. "तशी मार."

आणि तिनं मारली.

भजनाची पहिली ओळ अशी निघाली की निंबावरचे कावळे उडाले. सूर नव्हता, ताल होता. समोरच्या घरातली बाई पोळपाट हातात घेऊन दारात आली. धनानं मान वर केली आणि बायकोकडे असा बघत राहिला की ही कोण. मग त्यानंही गळा मोकळा सोडला आणि टाळी वाजवली, खरीखुरी, तळहाताला तळहात लागलेली. आम्ही मागून म्हणत होतो, पण आमचं कोणाला ऐकू येत होतं? मगनभाऊंचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी दाबला. मला रडू येत होतं आणि मी रडत रडतच गात होते.

दुसऱ्या कडव्याच्या मध्येच सायकलची घंटी वाजली. हवालदार.

रुपलीचा आवाज शब्दाच्या मध्यात तुटला. तिनं पदर तोंडावर ओढला. धना उठून आपल्या बाजूनं दरी गुंडाळायलासुद्धा लागला.

हवालदारानं सायकल स्टँडला लावली. "इथं मुख्य कोण?"

पाळकसाहेब उभे राहिले. त्यांनी हात जोडले. "मी. उपासना चालू आहे, साहेब. आमच्याकडून काही चुकलं का?"

"चुकलं म्हणजे काय, दरी रस्त्यावर आलीय. आता शिरपूरची एस.टी. यील. दरी सरकवा."

कोणी हललं नाही. रुपलीनं पदराआडून विचारलं, "साहेब, गानं बंद करानं का?"

हवालदार बुचकळ्यात पडला. "गानं कसाले बंद करतीस, बाई? गानं एस.टी.ले आडं येस का? दरी सरकाडा म्हनं मी."

मग आम्ही सगळे उठलो. दरीचं एक टोक मी धरलं, एक पाळकसाहेबांनी, आणि उरलेली दोन टोकं आक्कांनी आणि मगनभाऊंनी, कारण दरी त्या दोघांच्या पायाशीच होती. "आक्का, तुमच्याकडनं ओढा." "तू ढील दे ना, मगन." असं करत दरी सावलीच्या आत गेली. हवालदारानं घाम पुसला, निंबाखाली जरा उभा राहिला आणि भजन संपेपर्यंत थांबला. रुपलीनं ते पुन्हा पहिल्या ओळीपासून म्हटलं, मधलं तुटलेलं तिला चालणार नव्हतं. एस.टी. धूळ उडवत गेली तेव्हा तिचा आवाज एस.टी.च्याही वर होता.

उपासना झाली. रुपली घामानं निथळत होती आणि हसत होती. "पोलीस उना," ती धनाला म्हणत होती, "आनि त्यानी नुसती दरी सरकाडी!" ती हे तीनतीनदा सांगत होती आणि दरवेळी धना नव्यानं ऐकल्यासारखा मान हलवत होता. आमच्यातल्या कोणालाच त्यात काही विशेष वाटलं नसतं. मला त्या क्षणी वाटलं. हवालदार यावा आणि त्याची तक्रार फक्त दरीबद्दल असावी, असं नशीब आपण रोज विनासायास भोगतो आणि त्याला काही नावसुद्धा देत नाही. देवा, तुझे उपकार, असं मी तिथंच मोठ्यानं म्हणाले.

निघताना मी तिचा हात धरला. "गावी गेल्यावर पुन्हा ओठच हलवायचे ना गं?"

"व्हय. पन आते मना आवाज माले माहीत शे," ती म्हणाली. "ओठ हलाडसू तव्हय मनमा ऐकू येई."

आक्का आणि मगनभाऊही तिला निरोप द्यायला येऊन उभे राहिले होते. रुपलीनं आमच्या तिघांकडे, मग चर्चच्या दाराकडे पाहिलं. तिला खरंच काही कळत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं.

"अक्का, तुमले दर ऐतवारले आसं मोठ्यानी गावाले मिळस?"

"मिळतं," मी म्हटलं.

"मंग तुमले भांडाले वखत कव्हय मिळस?"

मगनभाऊ चपला शोधायला लागले, आणि चपला त्यांच्या पायातच होत्या. शेवटी भिकुआक्कांनीच उत्तर दिलं, अगदी खरंखरं.

"वखत काढना पडस, बाई," त्या म्हणाल्या आणि कमरेची किल्ली चाचपायला लागल्या.