अक्का पुन्हा वाढायला उभी राहिली

शाळेच्या स्वयंपाकघरात सगळे तिला अक्का म्हणत. हाताला चव होती, तोंडाला लगाम नव्हता. "पोटभर खा, नाहीतर गणितं चुकल्यावर माझ्या नावानं खडे फोडाल," असं म्हणत ती मुलांना वाढायची.

मग तिच्या बोटांवर कोडाचे पांढरे डाग उमटले. यानं कुणाला काही होत नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. तरी पालकांत कुजबुज सुरू झाली. मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. "अक्का, माझं काही म्हणणं नाही हो. पण लोकांच्या तोंडाला कोण लागणार?" नोकरी गेली.

ती कोर्टात हरली, वरच्या कोर्टातही हरली. तिच्या वकीलबाई म्हणाल्या, "भेदभाव करणार नाही, असं आपल्या देशानं जगासमोर सही करून कबूल केलंय. त्या कराराची आंतरराष्ट्रीय समिती आहे. तिच्याकडे जाऊ."

"माझ्या बोटांसाठी एवढ्या लांब?" अक्काला हसू आलं. पण घरात भिंतींशी बोलण्यापेक्षा ते बरं.

वर्षं गेली. शेजारणींचं येणं आटलं. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, पेपरात फोटो देऊ नकोस गं. आमच्या पोरीचं लग्न जमायचंय." अक्कानं फोटो दिला नाही. बहिणीकडे जाणंही सोडलं.

एका दुपारी वकीलबाईंचा फोन आला. समितीनं म्हटलं होतं, हा भेदभावच आहे, हिला कामावर परत घ्या. फोन ठेवल्यावर अक्का खोलीच्या मधोमध नुसती उभी राहिली. सांगायचं कुणाला? तिनं बहिणीला फोन लावला.

"बरं झालं हं. आत्ता पाहुणे आलेत, मग बोलते."

बहिणीचा फोन काही आला नाही.

सरकारनं बरीच टाळाटाळ केली, पण शेवटी शाळेला आदेश गेला. नवे मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही भांड्यांचं बघा. निवांत काम आहे."

"मला स्वयंपाकाला घ्यायला सांगितलंय, सर. निवांत मी घरी होतेच की."

ती वाढायला उभी राहिली. एका चिमुरडीनं विचारलं, "हात असे का?"

"रंग उडालाय."

"दुखतं?"

"नाही."

"मग अजून भात द्या."

मधल्या सुट्टीत मात्र स्वयंपाकघरातल्या बाकीच्या बायका आपापले डबे उचलून मागच्या पायऱ्यांवर गेल्या. लांबलचक टेबलाशी अक्का एकटीच जेवली. दुसऱ्या दिवशीही तसंच, आणि पुढेही.

महिनाभरानं एका अनोळखी बाईचा फोन आला. दुसऱ्या शहरात बेकरीत कामाला होती, चेहऱ्यावर कोड आलं म्हणून तिला काढलं होतं. वकीलबाईंनी नंबर दिला होता. बराच वेळ बोलून तिनं हळूच विचारलं, "जिंकल्यावर सगळे पहिल्यासारखे बोलायला लागले का हो?"

"नाही गं. पण आता मी रोज कामावर जाते."

"मग लढू मी?"

"लढ. आणि काही काम नसलं तरी मला फोन करत जा," अक्का म्हणाली. "संध्याकाळी मी घरीच असते."