करपलेला पट्टा

बांधावर पाय ठेवायला जागा नव्हती. चहूकडची भातशेतं करपा रोगाने भाजून निघालेली, आणि काकूचं खाचर तेवढं हिरवंगार. झारीबाबांनी आपली चकचकीत झारी उंच धरली.

"परवा इथे तीर्थ शिंपडलं. बघा डोळे भरून!"

लोकांनी पाहिलं. हात आपोआप जोडले गेले.

गर्दीच्या मागे काकूचा पुतण्या एकटाच उभा होता. संशोधन केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली भातावरची बुरशी न्याहाळण्यात त्याचे दिवस जात. माणसांपुढे मात्र शब्द घशाशी अडत. गावाने त्याचं नाव 'मुका' ठेवलं होतं. काका गेल्यापासून घरात तो आणि काकू, दोघंच. दोन ताटं, दोन कोपरे, आणि मधे न बोललेलं बरंच काही. लसूण आणि कडुनिंबाचा पाला वाटून, गाळून तो शेतात फवारत असे. घरभर वास सुटे. तीही विचारत नसे. खात्री झाली की सांगू, असं त्याच्या मनात होतं.

"पण महाराज," गिरणीवाला म्हणाला, "मधला पट्टा कसा काय करपला?"

खरंच, हिरव्या खाचराच्या मधोमध एक पट्टा गंजल्यासारखा तपकिरी होता. बाबांनी गर्दीवरून नजर फिरवली. मग झारीचं तोंड काकूकडे वळलं.

"ही बाई तिथून चालत गेली! नवऱ्याला गिळणारी सावली पडली की तीर्थसुद्धा नासतं. उरलेलं पीक वाचवायचं असेल, तर हिने पुन्हा शेतात पाऊल टाकायचं नाही."

उभा जन्म त्या चिखलात राबलेल्या काकूने हातातला विळा हळूच बांधावर ठेवला. तो बारीकसा आवाज पुतण्याला छातीत लागल्यासारखा ऐकू आला.

"सावली एवढी सरळ पडते का?"

आवाज आपलाच आहे, हे त्याला उशिरा कळलं.

"अगं बाई, मुक्याला वाचा फुटली!" कुणीतरी हसलं.

तो खाचरात उतरला. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना चिखलात बुडालेल्या खुंट्या होत्या. त्यांची सुतळी त्याने ताणून धरली. करपा बरोबर सुतळीपाशी थांबला होता.

"हा पट्टा मी सोडलाय. बाकी खाचरात रोग दिसायच्या आधीपासून लसूण-कडुनिंबाचा अर्क फवारला, इथे नुसतं पाणी. गुण अर्काचा की हवेचा, हे एरवी कळणार कसं?"

"थापा!" बाबा कडाडले.

"हिरवं पान चुरगळून हुंगा. कालच फवारलंय."

गिरणीवाल्याने हुंगलं. "लसूण!" मग पट्ट्यातलं पान चुरगळलं. "याला नाही." तो बाबांकडे वळला. "माझ्या शेतात दोनदा तीर्थ शिंपडलंत. तिथे कुणाची सावली पडली? मी तर बायकोलाही फिरकू दिलं नाही!"

"तुझी श्रद्धा कमी पडली."

"म्हणजे वाचलं तर तुमच्यामुळे, आणि करपलं तर आमच्यामुळे? झकास धंदा आहे!"

हशा पिकला, आणि त्या हशात झारीबाबा बांध उतरून चालते झाले. पण जोडलेले हात तसेच होते. फक्त दिशा बदलली.

"आम्हालाही द्या हो तुमचं तीर्थ!"

पुतण्या दचकून मागे सरला. "हे तीर्थ नाही. करपलेलं पान याने पुन्हा हिरवं होत नाही. वेळेवर फवारलं तर बुरशीचा फैलाव रोखला जातो, तोही दर वेळी पुरता नाही. माझ्यावर विसंबू नका. आपापल्या शेतात एक पट्टा सोडा आणि स्वतः बघा. पट्टा सोडू नका असं जो म्हणेल, त्याला आधी विचारा, का?"

गर्दी पांगली. त्याने विळा उचलून काकूपुढे धरला.

"लसणाचा वास मला रोज येत होता," ती म्हणाली.

"मग विचारलं का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

विळा घेऊन ती खाचरात उतरली. कलत्या उन्हात तिची सावली हिरव्या भातावर लांबच लांब पडली. भात वाऱ्यावर डोललं, एवढंच.