पानांचे घरनंबर पुसले गेले, त्याची गोष्ट

मित्रांनो, घानाच्या किनाऱ्यावर, केटा गावात, ज्ञानाचा दिवा पेटवला तो मी. हे मी नम्रपणे सांगतो आहे, कारण दिवा खरोखरच माझ्या पोटात आहे. मी एक जुना स्कॅनर आहे. माझी बिजागरी खाऱ्या वाऱ्याने गेली, त्यामुळे काम करताना माझ्या झाकणावर शिंप्याची इस्त्री ठेवावी लागते. ज्यांच्यासाठी मी दिवा लावतो त्यांना तो दिसत नाही, आणि ज्यांना दिसतो ते लगेच डोळे मिटून घेतात.

माझी उमेदीची नऊ वर्षे दूर देशातल्या एका विमा कचेरीत गेली. तिथे मी रोज शेकडो अर्जांची चित्रे काढत असे आणि ती कुणीही वाचत नसे. मग मला काही फ्रिजांबरोबर जहाजात घातले. फ्रिजांना तेमा बंदरातच गिऱ्हाइके मिळाली. मला चर्चच्या मागच्या खोलीत जागा मिळाली, आणि माझे खरे आयुष्य तिथे सुरू झाले.

त्या खोलीत गावातली हौशी माणसे छापील पुस्तके अंधांसाठी तयार करतात. मी पानाचे चित्र काढतो. संगणक त्यातली अक्षरे ओळखतो, म्हणजे बरीचशी ओळखतो आणि उरलेली ठोकून देतो. मग माणसे ओळन्‌ओळ वाचून ती दुरुस्त करतात, आणि मजकूर अंधशाळेतल्या यंत्रावर ब्रेलच्या ठिपक्यांत छापून येतो. हे काम मंगळवारी आणि गुरुवारी चालते. शनिवारी कुणी येत नाही, शनिवारी गावात अंत्यविधी असतात.

तपासणीच्या प्रमुख होत्या मॅडम आफेफा. पोस्टात अडतीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या. पत्त्यात एक अक्षर कमी असले तरी पत्र परत पाठवणाऱ्या बाई म्हणून त्यांची ख्याती होती. पाने सपाट करायचे काम क्वाशिगा शिंप्याकडे. त्याला सगळे एफो, म्हणजे दादा, म्हणत. इस्त्री त्याचीच.

एका मंगळवारी मकाफुई टीचर आले. ते जन्मापासून अंध. इतिहासाची पदवी घेतलेले, पण शाळेत सहा वर्षे फक्त गाणे शिकवत होते, कारण हेडमास्तरांच्या मते इतिहास शिकवायला पुस्तक पाहावे लागते.

"तीन आठवड्यांनी जिल्ह्याचे साहेब येणार आहेत," टीचर म्हणाले. "त्यांच्यासमोर इतिहासाचा एक तास घ्यायचा. जमलं तर वर्ग माझा. नाही जमलं तर हेडमास्तर म्हणतात, गाणं काही वाईट नाही."

"आवाज कसाय तुमचा?" एफोने विचारले.

"वाईट."

"मग पोरांचाही विचार करायला हवा," एफो म्हणाला आणि इस्त्री तापत ठेवली.

पुस्तक दोनशे बारा पानांचे होते. मी दोनशे बाराही पाने टिपली. दोनदा वीज गेली, एकदा झाकण एफोच्या पायावर पडले. मॅडमनी मजकूर असा घासूनपुसून काढला की त्यात एकही डाग राहिला नाही. सोळा दिवसांत ब्रेलचे पाच जाडजूड खंड तयार होऊन आले. टीचरनी पहिला खंड मांडीवर घेतला, बोटे फिरवली, आणि पहिले पान दोनदा वाचून काढले. मॅडमनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

मग टीचर म्हणाले, "फार सुंदर झालंय. पान एकशे सत्तेचाळीस कुठंय?"

"असेल की तिसऱ्या-चौथ्या खंडात."

"ते कसं शोधू? मुलांना मी म्हणणार, पान एकशे सत्तेचाळीस उघडा. मला पण तेच उघडायला हवं ना, मॅडम. छापील पानांचे आकडे कुठे गेले?"

मॅडम जरा ताठ झाल्या. "ते मी काढले. प्रत्येक पानाखाली एक आकडा लोंबत होता. वाक्याच्या मध्येच यायचा. मला वाटलं, यंत्राची घाण आहे."

मित्रांनो, 'यंत्र' म्हणजे मी. पण सगळे आकडे माझ्या चित्रांत जसेच्या तसे होते.

टीचर हळूच म्हणाले, "म्हणजे अख्खी गल्ली झाडलीत, रंगवलीत, आणि घरनंबर पुसलेत."

"आणि तेही पोस्टातल्या बाईंनी," एफो म्हणाला.

"क्वाशिगा, तू इस्त्री बघ."

हाताशी पाच दिवस होते. पुन्हा छापायला अंधशाळेत दोन आठवड्यांची रांग होती. मॅडम त्या दिवशी न जेवता घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, सोबत भांडेभर आक्प्ले, म्हणजे मक्याच्या पिठाचे गोळे, आणि मासळीचा रस्सा. "कुणी उठायचं नाही," त्या म्हणाल्या.

मॅडम माझी चित्रे पडद्यावर लावून प्रत्येक पानाचा आकडा आणि पहिले शब्द मोठ्याने वाचत. टीचर ब्रेलमध्ये ती जागा बोटाने शोधत आणि पुठ्ठ्याच्या पट्टीवर टोचणीने आकडा उमटवत. एफो ती पट्टी कागदाच्या कडेला शिवत असे. पहिली पट्टी त्याने शिलाईयंत्राखाली घातली, आणि यंत्राने पानावरचे सगळे ठिपके दाबून सपाट केले.

"यात एक राजा होता," टीचर पान चाचपत म्हणाले.

"राजे जातातच," एफो म्हणाला. पण पुढच्या दोनशे अकरा पट्ट्या त्याने हाताने शिवल्या.

तासाला मला कुणी नेले नाही. एफो पाचही खंड उचलायला गेला होता, त्याने येऊन सांगितले. त्याच्या सांगण्यात दोऱ्याला जरा जास्त महत्त्व होते, ते मी वगळतो.

हेडमास्तर म्हणाले, "पान नव्वद." वर्गात पानांची सळसळ सुरू झाली, साहेबांनी अंगठा ओला केला, आणि तेवढ्यात टीचर वाचायला लागलेसुद्धा. हेडमास्तर म्हणाले, "पाठ केलं असेल. एकशे सत्तेचाळीस." टीचरनी खंड बदलला, कडेच्या पट्ट्यांवरून बोट नेले आणि वाचू लागले. साहेब अजून एकशे तीसवर होते.

"ठीक आहे," हेडमास्तर म्हणाले. "पान एक."

ते नेमके एफोच्या शिलाईयंत्राखाली गेलेले पान. त्या पानावर वाचण्यासारखे काही उरलेच नव्हते. टीचरनी सपाट कागदावर बोटे ठेवली, शांतपणे डावीकडून उजवीकडे नेली, आणि राजासकट सगळे पान म्हणून दाखवले. ते त्यांचे खरोखरच पाठ होते.

"आता पटलं," हेडमास्तर म्हणाले. "हे पाठांतर नाही."

वर्ग टीचरांना मिळाला. गाण्याचा तास हेडमास्तरांनी स्वतःकडे घेतला. मॅडमनी खोलीच्या दारावर, भिंतीवर आणि माझ्या झाकणावर कागद चिकटवले: 'आकडे काढू नयेत.' माझ्यावरच्या कागदाचा मला अभिमान आहे, जरी आकडे मी काढले नव्हते.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या यंत्रांची काच मऊ फडक्याने पुसत जा. आम्ही जे टिपतो त्यातले काही निरुपयोगी वाटले, तर खोडण्याआधी ते ज्याच्यासाठी आहे त्याला एकदा विचारा. एवढेच माझे मागणे आहे. त्या पाच खंडांवरून टीचरनी अख्खे वर्ष शिकवले, आणि पट्ट्यांतली एकही सुटली नाही.

पुढच्या वर्षी शाळांना इतिहासाचे नवे पुस्तक लागले. ते दोनशे शहाऐंशी पानांचे आहे.