पिठ्या ढेकणाचं हिंदी

जयंतरावांनी सांगलीच्या शाळेत सगळी नोकरी हिंदी शिकवण्यात घालवली होती. त्यामुळे गुरुग्रामला लेकाकडे राहायला येताना भाषेची अडचण येणार नाही, याची त्यांना खात्री होती. अडचण आली ती माणसांची. जन्मभर गप्पा छाटलेला हा माणूस अठराव्या मजल्यावर दिवसभर गप्प बसून पार कोमेजला होता. अखेर खाली बागेत बसणाऱ्या चार निवृत्तांनी त्यांना आपल्यात घेतलं, आणि मास्तरांनी हुरळून जाऊन सगळ्यांना शनिवारी थालीपीठ खायला बोलावलं.

शुक्रवारी सकाळी बाल्कनीतल्या जास्वंदीवर, पानांच्या बेचक्यांत, कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. काडीने टोकरल्यावर एक पुंजका चक्क चालू लागला. पिठ्या ढेकूण! सून कृतिका घरूनच ऑफिसचं काम करत होती, पण तिला विचारणं म्हणजे कमीपणा. मास्तरांनी सोसायटीच्या ग्रुपवर स्वतःच सल्ला मागितला. पिठ्या म्हणजे पिठाचा, ढेकूण म्हणजे खटमल, भाषांतराला असा कितीसा वेळ लागतो? “हमारे यहाँ आटे वाले खटमल बहुत हो गए हैं। कृपया उपाय बताएँ।” जास्वंदीचा उल्लेख तेवढा राहिला, बाकी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होतं.

उत्तरं भराभर आली. कुणी गाद्या उन्हात टाकायला सांगितल्या, कुणी पिठाचा डबा फेकून द्यायला. जास्वंदीचा आणि गादीचा संबंध काय ते मास्तरांना कळेना, पण इकडची पद्धत असेल म्हणून त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. दुपारपासून पाहुणे गळू लागले. एकाचा गुडघा धरला, दुसऱ्याकडे जावई येणार होता, तिसऱ्याला डॉक्टरांनी तेलकट बंद केलं. चौथे खुरानाजी काही बोललेच नाहीत. आपण कुणालाच नको आहोत, हे मास्तरांच्या फार जिवाला लागलं.

संध्याकाळी कृतिकाने ग्रुप उघडला आणि ती हसून हसून सोफ्यावर आडवी झाली.

“बाबा, तुम्ही लिहिलंय की आपल्या घरात गादीतले ढेकूण झालेत. आणि तेही पिठात. थालीपीठ खायला कोण येईल?”

“मग याला इकडे म्हणतात तरी काय?”

“मीलीबग. साबणाचं पाणी फवारायचं आणि उरलेले स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढायचे, बस. थांबा, मी ग्रुपवर खुलासा टाकते.”

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. कृतिकाने मजकूर लिहिला, जास्वंदीचा फोटो जोडला. तेवढ्यात बेल वाजली. दारात खुरानाजी होते. बाहेर कुणी नाही ना, हे पाहून ते आत आले.

“मास्टरजी,” ते कुजबुजले, “हमारे यहाँ भी हैं। गद्दों में, सोफे में। शर्म के मारे किसी को बताया नहीं, बाहर रहने वाले बेटे को भी नहीं। आपने तो सबके सामने लिख दिया। बड़ी हिम्मत है आपकी।”

त्यांच्या मनगटावर लाल गांधी उठल्या होत्या. मास्तरांनी त्या पाहिल्या, मग मोबाइल हातात धरून उभ्या असलेल्या सुनेकडे पाहिलं.

“कृतिका, राहू दे ते. नको पाठवूस.”

“पण बाबा, लोक काय...”

“राहू दे म्हटलं ना.” मग ते पाहुण्याकडे वळले. “बैठिए खुरानाजी। हमारा तो पूरा पलंग भरा पड़ा है।”

खुरानाजी सोफ्यावर ऐसपैस रेलले, आणि दोघं जेवणवेळ होईपर्यंत ढेकणांवर बोलत बसले.