हिरव्या झग्याच्या स्टेन्सिली

खरं सांगू, हे लिहिणारच नव्हतो. फिर्मँ माझा दोस्त, आणि त्याला तो विषय अजून नको असतो. पण डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

पॅरिसला मादाम ओबेरच्या कारखान्यात फॅशनच्या मासिकांची चित्रं हाताने रंगवायचे. फिर्मँ जस्ताच्या पातळ पत्र्यातून स्टेन्सिली, म्हणजे रंग भरायचे साचे, कापायचा, प्रत्येक रंगाची वेगळी. पोरी त्यावरून ब्रश थोपटायच्या. ठरलेल्या प्रती निघाल्या की स्टेन्सिली सगळ्यांसमोर कात्रीने तोडायच्या, पुन्हा कुणी छापायला नको म्हणून. तोडायच्या त्या कापणाऱ्यानेच. पण फिर्मँला बघवायचंच नाही! तो कात्री शेजारच्या टेबलावरच्या ओदिलोंच्या हातात द्यायचा आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा. बाकीच्यांना पत्रा म्हणजे पत्रा. ओदिलों मात्र त्याचा लहानपणापासूनचा जिवाभावाचा दोस्त.

एक दिवस मादामने त्याच्यापुढे एक चित्र आपटलं. हिरवा झगा घातलेली बाई.

"टोपीवाल्याच्या दुकानात लागलंय हे. आमचं, पण रंग भलताच. मासिकवाले काम काढून घेतो म्हणतायत. स्टेन्सिली तोडायची जबाबदारी कुणाची?"

"माझी."

"मग उद्या सकाळी उत्तर दे. नाहीतर हत्यारं उचल आणि चालू लाग."

फिर्मँने बाहीची कड पाहिली. तिथं सुरी जराशी घसरली होती त्याची. म्हणजे नक्कल नव्हे, त्याच्याच स्टेन्सिली.

ओदिलों कोपऱ्यावरच्या गुत्त्यात वाइन पीत बसला होता.

"काय रे, लिंबू गिळलंस की काय?"

"माझे पत्रे कुठायत?"

ओदिलोंचं हसू गेलं. "तू बघत नव्हतास ना. मी बिघडलेले पत्रे तोडले. इतकं सुंदर काम, तोडवेना मला."

"मग विकवलं कसं?"

ओदिलोंने ग्लास बाजूला सारला. मग हळूच म्हणाला, "तू मादामचा लाडका. नजरचुकीने राहिलं म्हण. तुला माफ करेल ती. मला हाकलेल रे."

"म्हणजे चोर मी व्हायचं?"

"दोस्तासाठी एवढं नाही करणार?"

फिर्मँ उठून उभा राहिला. अख्ख्या कारखान्यात त्याने बिनघोर पाठ फिरवली ती या एकाच माणसाकडे.

"दोस्त म्हणूनच शब्द देतो तुला," तो म्हणाला. "सकाळी मादामच्या दाराशी तुझी वाट बघीन. तू येऊन स्वतः बोललास, तर मी तोंड उघडणार नाही. नाही आलास, तर सगळं सांगेन. तुझं नाव घेऊन."